नऊशे टॅग आणि न सापडणारे पुस्तक

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला कॉलेज रोड परिसरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मी आणि माझे यजमान, आम्ही दोघांनी मिळून संगणकावर सुमारे सव्वीसशे पुस्तके जमवली आहेत. काही विकत घेतलेली, बरीचशी ई साहित्य प्रतिष्ठानची आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली, शिवाय यजमानांनी हौसेने गोळा केलेली जुनी स्कॅन केलेली गॅझेटियरे, म्हणजे जिल्ह्यांची अधिकृत माहिती देणारे ग्रंथ. सगळी कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. पुस्तकांना लावलेल्या टॅगांची, म्हणजे ओळखशब्दांची, संख्या नऊशेच्या पुढे गेली आहे आणि तरीही हवे ते पुस्तक वेळेवर हाती लागत नाही. भाचा म्हणतो, सगळे टॅग पुसून टाका, नुसते शोधले तरी मिळते. यजमान म्हणतात, ग्रंथालयासारखे विषय आणि उपविषय पाडू, आणि त्यासाठी त्यांनी कॅलिबरच्या फोल्डरमध्ये जाऊन विषयवार फोल्डर करायला घेतलेही आहेत. कोणाचे ऐकावे? टॅग मराठीत द्यावेत की इंग्रजीत? आणि हे टॅग किंडलवर दिसतील का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक तातडीची विनंती आहे, ती अशी की यजमानांनी सुरू केलेले फोल्डरांचे काम आजच्या आज थांबवावे. कॅलिबर प्रत्येक पुस्तक लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आत शीर्षकाच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि कोणते पुस्तक कोठे आहे याची नोंद त्याच ठिकाणच्या ‘मेटाडेटा डॉट डीबी’ या एका डेटाबेस फाइलीत करते. बाहेरून कोणी फाइल उचलून दुसरीकडे ठेवली, तर डेटाबेसला त्याची खबर लागत नाही. यादीत पुस्तक दिसते, पण उघडायला गेल्यावर सापडत नाही. ‘हवे ते पुस्तक हाती लागत नाही’ या आपल्या तक्रारीतील काही भाग कदाचित यातूनच आला असावा. हलवलेल्या फाइली मूळ जागी परत ठेवाव्यात, आणि मग ‘लायब्ररी मेन्टेनन्स’मधील ‘चेक लायब्ररी’ चालवून कोणत्या पुस्तकांचा दुवा तुटला आहे ते पाहून घ्यावे. त्यानंतर कॅलिबर बंद करून लायब्ररीचा संपूर्ण फोल्डर एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा. पुढे सांगितलेली साफसफाई या प्रतीशिवाय करू नये, कारण मोठ्या प्रमाणात पुसलेले टॅग पुन्हा आणण्याचा सोपा मार्ग नसतो.

भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते आपल्या संग्रहाला पुरे पडणारे नाही. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबरला पुस्तकाच्या आतील मजकुरातही शोध घेता येतो, आणि नव्या ई-पुस्तकांच्या बाबतीत ही सोय उत्तम चालते. मात्र स्कॅन केलेले गॅझेटियर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने पानांची छायाचित्रे असतात, त्यात बहुधा अक्षरे नसतातच. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत येण्यापूर्वीचे मराठी फाँट वापरून तयार झालेल्या पीडीएफमध्ये अक्षरे असतात, पण ती शोधयंत्राला भलतीच रोमन चिन्हे म्हणून दिसतात; डोळ्यांना ‘गोदावरी’ दिसते आणि शोधात काहीच येत नाही. आपल्या संग्रहात या दोन्ही जातींची पुस्तके भरपूर असणार. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शीर्षक, लेखक आणि टॅग एवढीच साधने उरतात. शिवाय कादंबरीच्या मजकुरात ‘कादंबरी’ हा शब्द बहुधा कोठेच नसतो, हेही भाच्याच्या लक्षात आणून द्यावे.

आता नऊशे टॅग आले कोठून, ते पाहू. ते आपण दोघांनी हाताने दिले असतील असे मला वाटत नाही. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाच्या फाइलीत प्रकाशकाने विषय भरलेले असतात आणि पुस्तक कॅलिबरमध्ये घालताक्षणी ते टॅग म्हणून आत येतात. त्यानंतर इंटरनेटवरून मुखपृष्ठ आणि माहिती उतरवून घेताना आणखी एक पूर येतो. ‘फिक्शन’, ‘जनरल’, ‘लिटररी’ असे टॅग आपल्या यादीत नक्की असतील. ‘जनरल’ हा टॅग जगातील कोणत्या वाचकाने कधी वापरला असेल, हे मला न सुटलेले कोडे आहे. हा नळ आधी बंद करावा लागतो, नाहीतर साफसफाई करून महिनाभरात पुन्हा तेच व्हायचे. त्यासाठी ‘प्रेफरन्सेस’मधील ‘मेटाडेटा डाउनलोड’ या भागात उतरवून घ्यायच्या माहितीच्या यादीतून ‘टॅग्ज’ची खूण काढून टाकावी, आणि ‘ॲडिंग बुक्स’ या भागात येणाऱ्या टॅगांवर नियम लावण्याची जी सोय आहे, तिच्यात नको असलेले टॅग काढून टाकण्याचे नियम लिहावेत. तेथेच नव्या पुस्तकाला आपोआप द्यायचा टॅगही ठरवता येतो. तेथे ‘आवक’ असा एकच टॅग द्यावा, म्हणजे नीट न लावलेली पुस्तके कोणती, हे एका क्लिकमध्ये कळत राहील.

आता मूळ मुद्दा. आपण लिहिलेल्या पत्रासोबत टॅगांच्या यादीचे जे छायाचित्र पाठवले आहे, त्यात मला सर्वांत आवडलेला टॅग आहे ‘सासूबाईंना वाचून दाखवायची’. हे पुस्तकाचे वर्णन नाही. पुस्तकात डोकावून कोणत्याही प्रकाशकाला किंवा संकेतस्थळाला तो सुचणार नाही. पण दुपारी चार वाजता आपण संगणकापुढे बसता तेव्हा जो प्रश्न मनात असतो, त्याचे ते नेमके उत्तर आहे. टॅग देताना बहुतेक जण ‘हे पुस्तक कशाबद्दल आहे’ असे विचारतात आणि मग प्रत्येक पुस्तकाला दहा-बारा टॅग चिकटतात. त्याऐवजी ‘मी हे पुस्तक पुन्हा शोधायला येईन तेव्हा काय म्हणून शोधेन’ असे विचारावे. या प्रश्नाला फार तर तीन-चार उत्तरे येतात, आणि तेवढेच टॅग पुरेसे असतात. आपल्या नऊशेपैकी आठशेहून अधिक टॅग या कसोटीवर गळून पडतील, असा माझा अंदाज आहे.

आपले यजमान उपस्थित करतात तो मुद्दा अधिक खोल आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी ग्रंथालयशास्त्राकडे थोडे वळावे लागेल. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० साली सुरू झालेल्या संस्थेत काय किंवा कोणत्याही छापील ग्रंथालयात काय, पुस्तकाची प्रत एकाच फडताळावर बसू शकते. म्हणून विषय, त्याखाली उपविषय, त्याखाली आणखी उपविषय अशी झाडासारखी रचना करावी लागते, आणि १८७६ चे अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण याच गरजेतून आकाराला आले. पण पांडवलेण्यांवरील पुस्तक कोठे ठेवायचे? सातवाहनांच्या इतिहासात, शिलालेखांत, शिल्पकलेत, बौद्ध धर्मात की नाशिकमध्ये? झाड म्हणते, एकच फांदी निवडा. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात या अडचणीला वेगळ्या वाटेने हात घातला. पुस्तकाला एका फांदीवर टांगण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करायचे, म्हणजे मुख्य विषय कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता, आणि हे पैलू जोडून पुस्तकाची ओळख तयार करायची, असा तो विचार होता. छापील पुस्तकाला शेवटी एका फडताळावरच बसावे लागत असल्याने त्याचा पूर्ण उपयोग होत नसे. संगणकावर फडताळ ही अडचणच नाही, त्यामुळे रंगनाथनांचा विचार आपल्या घरच्या सव्वीसशे पुस्तकांना अगदी चपखल लागू पडतो. थोडक्यात, यजमानांची शिस्तीची मागणी बरोबर आहे, पण त्यासाठी त्यांनी निवडलेली रचना छापील पुस्तकांची आहे.

पैलू सुटे करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? कॅलिबरमध्ये टॅगांच्या रकान्याखेरीज लेखक, मालिका, प्रकाशक, भाषा आणि मानांकन यांचे स्वतंत्र रकाने आधीपासून आहेत. त्यामुळे ‘मराठी’, ‘इंग्रजी’ असे टॅग देण्याची गरज नाही, तेथे भाषेचा रकाना भरावा. ‘आवडलेली’ या टॅगऐवजी तारे द्यावेत. लेखकांच्या नावांचे टॅग तर निखालस पुसून टाकावेत. याशिवाय ‘प्रेफरन्सेस’मधून स्वतःचे रकाने जोडता येतात आणि आपल्यासाठी मी तीन सुचवतो. पहिला ‘प्रकार’: कादंबरी, कथा, कविता, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, संदर्भ अशी ठरलेली मोजकीच मूल्ये असणारा. रकान्याची जात निवडताना ‘ठरावीक मूल्यांचा मजकूर’ ही जात घेतली, की ‘कादंबरी’ आणि ‘कादंबऱ्या’ असे दोन वेगळे टॅग होण्याची भीतीच राहत नाही. दुसरा ‘स्थिती’: वाचायचे, वाचतो आहोत, वाचून झाले. ही माहिती दर आठवड्याला बदलते, ती विषयांच्या टॅगांत मिसळली की दोन्ही बिघडतात. तिसरा ‘स्थळ’, त्याविषयी पुढे लिहितो. रकाना जोडताना ‘लुकअप’ नाव, म्हणजे शोधताना वापरायचे नाव, मात्र लहान रोमन अक्षरांतच द्यावे लागते, शीर्षक खुशाल मराठीत ठेवावे. आणि नवा रकाना दिसण्यासाठी कॅलिबर एकदा बंद करून उघडावे लागते.

एवढे केल्यावर मूळ ‘टॅग्ज’च्या रकान्यात विषय आणि आपले खासगी टॅग एवढेच शिल्लक राहतील. सव्वीसशे पुस्तकांना चाळीस ते साठ विषय पुष्कळ झाले असे माझे मत आहे.

यजमानांच्या गॅझेटियराचेच उदाहरण घेऊ. १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. त्यात भूगोल, लोकसंख्या, शेती, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, आरोग्य अशी प्रकरणे आहेत आणि गावांची वर्णने आहेत. प्रकरणांप्रमाणे टॅग द्यायला बसले तर दहा-बारा सहज होतील आणि सगळे खरेच असतील. पण उद्या आपण द्राक्षबागेविषयी काही शोधताना ‘शेती’वर क्लिक कराल, तेव्हा दर वेळी हे गॅझेटियर मध्ये येऊन उभे राहील, आणि यजमानांकडे इतर जिल्ह्यांचे खंडही असतील तर ते सगळेच रांगेने येतील. गॅझेटियर कोणी ‘शेती’ म्हणून शोधत नाही. ‘नाशिकविषयी जुनी अधिकृत माहिती हवी’ म्हणून शोधतो. तेव्हा स्थळ ‘नाशिक’, प्रकार ‘संदर्भ’, विषय ‘जिल्हा गॅझेटियर’, संपले. याउलट २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या प्रकरणावरचे एखादे छोटे पुस्तक घ्या. पाने कमी असली तरी त्याला ‘स्वातंत्र्यलढा’ आणि ‘खटले’ हे दोन विषय, चरित्राच्या अंगाने लिहिले असल्यास ‘चरित्र’ हा प्रकार आणि ‘नाशिक’ हे स्थळ असे चार धागे हवेत, कारण चारही वाटांनी आपण त्याच्याकडे येऊ शकता. टॅगांची संख्या पुस्तकाच्या जाडीवर ठरत नाही.

स्थळाचा पैलू स्वभावतःच एकात एक बसणारा आहे, त्यामुळे यजमानांना हवे असलेले झाड येथे जरूर लावावे. कॅलिबरमध्ये पूर्णविरामाने जोडून नावे लिहिली, म्हणजे ‘महाराष्ट्र.नाशिक.त्र्यंबकेश्वर’ असे लिहिले, आणि ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टॅग ब्राउझर’च्या मांडणीत या रकान्याला श्रेणीबद्ध म्हणून नोंदवले, की डावीकडच्या पट्टीत त्याची उलगडणारी फांदी तयार होते. ‘नाशिक’वर क्लिक करत दोन अधिकचिन्हे आली, की त्र्यंबकेश्वर, सिन्नर, भगूर अशा खालच्या सगळ्या नोंदी त्यात येतात, आणखी क्लिक केल्यावर उणेचिन्ह येते व ती पुस्तके वगळली जातात. विषयांना मात्र फांद्या फोडू नयेत. ‘इतिहास.मराठेशाही.अर्थव्यवस्था’ की ‘अर्थशास्त्र.इतिहास.मराठेशाही’, हा वाद एकदा सुरू झाला की त्याला अंत नसतो, आणि घरात वादाचे दुसरे विषय असतातच. ‘इतिहास’ आणि ‘अर्थव्यवस्था’ हे दोन सुटे टॅग द्यावेत आणि शोधताना कंट्रोलची कळ दाबून दोन्हींवर क्लिक करावे.

साफसफाईसाठी ‘टॅग ब्राउझर’मध्ये ‘टॅग्ज’वर उजवे क्लिक करून ‘मॅनेज टॅग्ज’ उघडावे. तेथे प्रत्येक टॅगापुढे पुस्तकांची संख्या दिसते. संख्येच्या क्रमाने यादी लावली की एकेका पुस्तकाला चिकटलेले टॅग एकत्र येतात, आणि नऊशेपैकी बरेचसे तेथेच सापडतील. त्यांतील आपले खासगी टॅग आणि पुढे वाढतील अशी खात्री असलेले विषय ठेवून बाकीचे काढून टाकावेत. मोठी संख्या असलेल्या टॅगांना घाबरू नये. ‘इतिहास’ खाली चारशे पुस्तके असली तरी स्थळाशी किंवा प्रकाराशी त्याची जोड घातली की पंधरा-वीसच उरतात. उपद्रव होतो तो एकट्यादुकट्या टॅगांचा. त्यानंतर समानार्थी टॅग एकत्र करावेत: ‘काव्य’चे नाव बदलून ‘कविता’ केले आणि ‘कविता’ आधीच यादीत असले, तर दोन्हींची पुस्तके आपोआप एकाच टॅगाखाली येतात. ही सगळी कामे एका बैठकीत उरकू नयेत. थकल्यावर माणूस एक तर सगळेच ठेवतो किंवा सगळेच पुसतो.

आता भाषेचा प्रश्न. आपण मनात मराठीत विचारता, तेव्हा टॅग मराठीतच असावेत, पुस्तक इंग्रजी असले तरी. ‘हिस्टरी’ आणि ‘इतिहास’ अशा दोन जागा ठेवल्या की प्रत्येक शोध दोनदा करावा लागतो. मात्र मराठीत लिहिताना शुद्धलेखनाकडे नेहमीपेक्षा अधिक लक्ष हवे. ‘अध्यात्म’ आणि ‘आध्यात्म’ हे कॅलिबरच्या लेखी दोन विषय आहेत. हे निदान डोळ्यांना तरी दिसते. ‘ॲ’ चे प्रकरण त्याहून चकवणारे आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’ पुढे अर्धचंद्र जोडूनही. फोनच्या आणि संगणकाच्या वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळे रूप उमटते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यादीत ‘ॲकॅडमिक’ दोनदा आले आणि प्रत्येकाखाली निम्मीच पुस्तके निघाली, तर त्याचे कारण हे समजावे आणि एकाचे नाव दुसऱ्यावरून कॉपी करून घ्यावे. त्याहून सोपे म्हणजे तेथे ‘अभ्यासपर’ असे लिहावे. स्वल्पविराम हे कॅलिबरमध्ये दोन टॅगांना वेगळे करणारे चिन्ह आहे, त्यामुळे टॅगाच्या नावात तो कधीही वापरू नये. आणि नावे एकवचनीच ठेवावीत असे ठरवून टाकावे.

दोन माणसे एक संग्रह सांभाळतात तेव्हा प्रत्येक टॅगाचा अर्थ दोघांना सारखा कळणे आवश्यक असते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी विषयाची व्याप्ती सांगणारी टीप लिहितात. कॅलिबरच्या सातव्या आवृत्तीपासून टॅगाला टिपण जोडण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग करून ‘लोकसंस्कृती’ या टॅगात सण आणि लोकगीते येतील, पाककृती येणार नाहीत, अशा एक-दोन ओळी लिहून ठेवाव्यात. आपण आणि यजमान ‘धर्म’ व ‘तत्त्वज्ञान’ यांच्या सीमेवर एकमत होईपर्यंत एखादी संध्याकाळ जाईल, पण ती सत्कारणी लागेल.

यापुढे पुस्तके आली की आठवड्यातून एकदा ‘आवक’ टॅग उघडावा, एकाच जातीची पुस्तके निवडून डावीकडच्या योग्य टॅगावर माउसने ओढून सोडावीत आणि शेवटी ‘आवक’ काढून टाकावा. जुन्या पुस्तकांपैकी टॅग नसलेली कोणती, हे पाहायचे असल्यास शोधपट्टीत इंग्रजीत ‘टॅग्ज’, त्यापुढे अपूर्णविराम आणि त्यापुढे ‘फॉल्स’ लिहावे. सव्वीसशेच्या सव्वीसशे पुस्तकांना टॅग असलेच पाहिजेत असा आग्रह मात्र धरू नये. ज्या पुस्तकाकडे आपण फक्त लेखकाच्या नावानेच जाणार, त्याला विषयाचा टॅग नसला तरी काही बिघडत नाही.

राहता राहिला किंडलचा प्रश्न. कॅलिबरमधील टॅग किंडलवर दिसत नाहीत. किंडलवर पुस्तकांचे गट करण्यासाठी ‘कलेक्शन्स’ असतात आणि ते हाताने करावे लागतात. कोबोच्या उपकरणांवर मात्र कॅलिबरला टॅगांवरून असे गट करता येतात. केवळ यासाठी नवे उपकरण घेण्याची गरज नाही. कॅलिबरच्या ‘कनेक्ट किंवा शेअर’ या बटणाखाली ‘कंटेंट सर्व्हर’ सुरू करण्याची सोय आहे. तो सुरू केला आणि संगणक चालू असला, की घरातील वायफायवर असलेल्या कोणत्याही फोनच्या किंवा टॅबलेटच्या ब्राउझरमधून आपला सारा संग्रह टॅगांसह पाहता येतो आणि तेथेच पुस्तक उघडून वाचताही येते. किंडलमध्ये एका वेळी वाचायची वीस-पंचवीस पुस्तकेच ठेवावीत, आणि ती निवडण्यासाठी ‘स्थिती’च्या रकान्यात ‘वाचायचे’ असलेली यादी वापरावी. सासूबाईंना वाचून दाखवताना अक्षर मोठे हवे असेल, तर टॅबलेटवरून वाचणेच अधिक सोयीचे पडेल.